गोलकीपरला सहा ट्रॉल्या

अख्ख्या जगात फुटबॉलमध्ये सगळ्यात महाग असतो तो गोल मारणारा. परभणी जिल्ह्यात मात्र सगळ्यात महाग गोलकीपर. हे मी पुण्यामुंबईच्या जाणत्या मंडळींना शपथेवर सांगितलंय आणि त्यांनी मला चहा पाजून वाटेला लावलंय. त्यांचा दोष नाही. त्यांनी आमचे सेक्रेटरी पाहिलेले नाहीत.

सेक्रेटरी म्हणजे आमच्या जिल्हा फुटबॉल संघटनेचे सेक्रेटरी. आईबापांनी ठेवलेलं नाव त्यांना होतं, पण ते मतदार यादीबाहेर कुठे वापरात नव्हतं. घरी त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकूसुद्धा 'आमचे शेक्रेटरी' म्हणायच्या. मोंढ्यात त्यांचं दोरखंडाचं दुकान. कासरे, दावी, मोरक्या, सुतळीचे गड्डे, ताडपत्र्या, बैलांच्या घुंगरमाळा. या सगळ्याच्या मधोमध रिकाम्या पोत्यांची एक थप्पी, आणि थप्पीवर सेक्रेटरी. पांढरा पायजमा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात इष्टलिंग आणि कमरेला सुतळीने बांधलेली शिट्टी. संघटनेचं कार्यालय त्यांच्या बुडाखाली असायचं. म्हणजे अक्षरशः. वरून तिसऱ्या पोत्यात रजिस्टर, चौथ्यात शिक्का, पाचव्यात हवा भरायचा पंप. कुणी कागद मागितला की ते उठून उभे राहायचे, पोती चाळायचे आणि पुन्हा बसायचे. जिल्ह्यातल्या फुटबॉलचा कारभार असा दिवसातून दहा वेळा उठबस करायचा.

स्वतः ते जन्मात फुटबॉल खेळले नव्हते. उजवा गुडघा वाकत नसे. मग या खेळात शिरले कसे? तर तरुणपणी एकदा ते ताडपत्र्या विकायला बाजाराला गेले होते. तिथे चिंध्यांचा गोळा करून पोरं खेळत होती, आणि तो गोळा बांधला होता यांच्याच दुकानातल्या सुतळीने. 'माझा माल लाथंनं उडवायलेत' म्हणून हे भांडायला गेले आणि दिवस मावळेपर्यंत तिथेच उभे राहिले. एकही ताडपत्री विकली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. तेव्हापासून जे गेले ते परत आलेच नाहीत, असं काकू सांगायच्या.

गोलाच्या जाळ्या ते स्वतः विणायचे. आयुष्यभर बैलांची मुसकी विणलेला हात, त्यामुळे वीण इतकी घट्ट की चेंडू सोडा, आत गेलेला वाराही वळसा घालून बाहेर यायचा. चेंडू जाळीवर आदळला की बंदुकीतून सुटल्यासारखा मैदानात परत. गोल झाला की खांबाला लागला, हे रेफ्रीला कळेना. मारामारीची वेळ आली. तेव्हा सेक्रेटरींनी प्रत्येक जाळीच्या मागे एकेक घुंगरमाळ बांधली. वाजली तर गोल. नाही वाजली तर तुमचं नशीब. एका सामन्यात इतके गोल झाले की शेजारच्या शिवारातले चार बैल पोळा आला समजून दावं तोडून मैदानात हजर झाले. सेक्रेटरींनी पुढे होऊन थोरल्या बैलाला हात जोडले. 'शरणु शरणार्थ,' म्हणाले. लिंगायतांचा हा नमस्कार ते सगळ्यांनाच करायचे. रेफ्रीला, फौजदाराला, हरलेल्या कप्तानाला. बैल मान हलवून परत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. बाकीचे तिघे कप्तानामागून जावेत तसे त्याच्या मागून गेले.

पण सांगायचं होतं ते मुरमाचं.

आमच्याकडची जमीन काळी. तिचं कौतुक करायला कृषी विद्यापीठ आहे, मी काय करणार. पण पावसाळ्यात तिच्यात पाय घातला की पाय तुमचा आणि बूट तिचा. आणि फुटबॉलच्या स्पर्धा नेमक्या पावसाळ्यात. सेक्रेटरी म्हणायचे, "काळी जमीन कापूस देती, तूर देती. पास देत न्हाई." गावोगावच्या पोरांचं मैदान म्हणजे शाळेमागचा चिखल. त्यातून एखादा खेळाडू चमकला की शहरातला क्लब त्याला उचलून न्यायचा. उरलेले दहाजण चिखल झटकून घरी जायचे आणि संघ मरायचा.

त्यावर सेक्रेटरींनी एक दस्तूर पाडला. कुठल्या नियमाच्या पुस्तकात तो नाही. जो क्लब खेळाडू नेईल त्याने त्या खेळाडूच्या गावच्या मैदानावर मुरूम टाकायचा. ट्रॉली पडल्याशिवाय बदलीच्या कागदावर शिक्का नाही. भावही त्यांनीच ठरवले होते. गोल मारणारा असेल तर दोन ट्रॉल्या, कारण तो पळत असतो, एका जागी जमीन खराब करत नाही. बचाव करणाऱ्याला तीन. कडेने पळणाऱ्याला एकच, "ते रेषेवरच असतंय, रेषेला काय होतंय?" आणि गोलकीपरला सहा. कारण गोलकीपर वर्षानुवर्षं एकाच जागी नाचतो, गोलापुढे खड्डा पाडतो, त्या खड्ड्यात पाणी साचतं आणि पाण्यात म्हशी बसतात.

"म्हस उठवल्याबिगर पेनल्टी मारता येत न्हाई," सेक्रेटरी सांगायचे, "ही गोष्ट दुनियेत दुसरीकडं कुठं हाय का?"

मी तेव्हा शहरातल्या एका शाळेत मास्तर होतो आणि शहरातल्या सगळ्यात मोठ्या क्लबचा मानद मॅनेजर. मानद म्हणजे शिव्या खायला. आमचे अध्यक्ष कंत्राटदार. आठ टिप्पर, दोन जेसीबी आणि एक स्वप्न. स्वप्न असं, की आमच्या ग्राऊंडवर परदेशी गवत लावायचं. दर वर्षी पुढच्या वर्षी. गवत येणार म्हणून मुरूम टाकायचा नाही आणि गवत काही येत नाही, त्यामुळे आमचं ग्राऊंड जिल्ह्यातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात खोल होतं. शिवाय आम्ही फक्त खेळाडू आणायचो, आमच्याकडून कुणी कुणाला नेत नसे. तेव्हा दस्तुराप्रमाणे आमच्या वाट्याला घमेलंभर मुरूमही कधी आला नाही.

अशात आम्हाला बोरीचा सोपान हवा झाला. सोपान गोलकीपर. हात सुपाएवढे. तो गोलात उभा राहिला की मागची जाळी दिसायची बंद व्हायची. लहानपणी झाडावरून पडणारा आंबा तो जमिनीला लागू देत नसे, म्हणून त्या गावात कुणी आंबे उतरवायला झेला वापरत नव्हतं म्हणतात. मी सोपानच्या बदलीचा कागद घेऊन दुकानात गेलो.

"सहा," सेक्रेटरी म्हणाले.

"काय सहा?"

"ट्रॉल्या. गोलकीपर हाय."

"सेक्रेटरीसाहेब, याआधी तीन पोरांपायी पाच ट्रॉल्या टाकल्यात आम्ही. काहीतरी कमी करा."

"खड्डा कमी करतो का तुमचा सोपान? जाऊन बगा बोरीला. त्याच्या खड्ड्यात तुमची काकू उबी राहिली तर पदर दिसंल फकस्त." मग शांतपणे, "आन पावत्या पायजेत. सरकारात रॉयल्टी भरल्याच्या. ट्रॉलीमागं एक."

ही पावती आमच्या अध्यक्षांना झोंबली. आता कंत्राटदाराचा मुरूम कसा असतो हे मी लिहायचं आणि तुम्ही वाचायचं, यात दोघांचाही फायदा नाही. एवढंच सांगतो, की आमच्या अध्यक्षांचा मुरूम पावतीशिवाय फार सुरेख वाहायचा. पावती म्हटली की त्यांना कापरं भरायचं.

"म्हातारा मला पावती मागतो?" अध्यक्ष म्हणाले. "सर, तुमी अर्ज लिहा. वर राज्याच्या ऑफिसला. हा माणूस खेळाडूंच्या बदल्यात मुरूम खायलाय म्हणावं."

सहा ट्रॉल्या दिल्या, सोपान आणला आणि अर्ज लिहिला. मीच लिहिला. लपवून काय करू? माझा हात लिहायला बसला की थांबत नाही. 'भ्रष्टाचाराचा हा डोंगर', 'होतकरू खेळाडूंच्या घामाचा लिलाव', 'सदर इसम गेली कित्येक वर्षे मुरूम खात असून'. वाचून मलाच सदर इसमाची चीड आली. शिवाय सेक्रेटरींच्या घरापुढे तेव्हा मुरमाचा भलामोठा ढीग पडलेला होता, पुरुषभर उंच, तो साऱ्या परभणीने पाहिलेला. तेही मी लिहिलं. 'घरबांधणीसाठी' असं माझ्या पदरचं जोडलं.

वरून पत्र आलं: चौकशी होईल, आरोप सिद्ध झाल्यास आजीव बंदी. म्हणजे पद तर जाईलच, पण राज्यातल्या कुठल्याही फुटबॉलच्या मैदानात पाऊल ठेवायचं नाही, मरेपर्यंत.

पत्रासोबत माझ्या अर्जाची नक्कलही सेक्रेटरींकडे गेली. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला दुकानात बोलावलं. मी दोन सहकारी सोबत घेऊन गेलो, मारहाणीला साक्षीदार असावेत म्हणून. सेक्रेटरी पोत्यांवर बसून अर्ज दुसऱ्यांदा वाचत होते.

"सर, लय झकास लिवलाय. कुटं खाडाखोड न्हाई. फकस्त एक चुकलं."

"काय?"

"तुमी अकरा ट्रॉल्या लिवल्यात. त्या तुमच्या क्लबाच्या. बाकीच्या क्लबांच्या धरल्याच न्हाईत. मी लय जास्त घेतल्यात. तेवढं दुरुस्त करून पाठवा, न्हाई तर चौकशीवाल्याची फसवणूक व्हईल."

मी सहकाऱ्यांकडे पाहिलं. ते छताला टांगलेल्या घुंगरमाळा बघत होते.

त्या दिवसापासून सेक्रेटरींनी मैदानात पाऊल टाकणं बंद केलं. बंदी अजून आली नव्हती, पण "तकरार हाय तवर आत जाणं बरं न्हाई" म्हणाले. सामना असला की रेषेबाहेर ताडपत्री पांघरून उभे. वाकत नसलेल्या गुडघ्याने रेषेच्या कडेकडेने चालत शिट्ट्या मारायचे. मध्यंतरात पूर्वी ते मैदानाच्या मधोमध जाऊन दोन्ही संघांना गुळाचा खडा द्यायचे. आता पोरं रेषेपर्यंत यायची आणि ते हात लांब करून गूळ द्यायचे. लोकांना गंमत वाटायची. मलाही पहिले दोन सामने वाटली.

चौकशी अधिकारी पुण्याहून सकाळच्या गाडीने आले. तीन दिवस पाऊस लागून राहिला होता. साहेब पूर्वीचे मोठे खेळाडू, पायात पांढरेशुभ्र बूट. तक्रारदार म्हणून मी त्यांना उतरवून घ्यायला स्टेशनवर. रिक्षात बसल्या बसल्या त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "हे जे तुम्ही मुरूम लिहिलंय, ते रोख रकमेचं इकडचं नाव आहे का?"

"नाही साहेब. मुरूमच."

"म्हणजे दगडमाती?"

"बारीक दगड. माती कमी."

साहेबांनी वही काढली आणि तशीच पुन्हा खिशात घातली. एवढ्या वर्षांच्या नोकरीत त्यांनी पाकिटं पाहिली असतील, मिठाईचे डबे पाहिले असतील. माती खाणारा पदाधिकारी त्यांना पहिलाच.

आधी आमचं ग्राऊंड बघू म्हणाले. मी नको नको म्हणेपर्यंत आत शिरले. चार पावलं गेले. पाचव्या पावलाला उजवा पाय मोज्यानिशी वर आला आणि बूट आला नाही. मी, रिक्षावाला आणि ग्राऊंडवरची दोन पोरं अशा चौघांनी कोपरापर्यंत हात घालून शोधला. एक जुना नाल सापडला, दोन चेंडू सापडले, गेल्या वर्षी हरवलेला कोपऱ्यातला झेंडा सापडला. बूट नाही. तो अजून खाली जातोय असा माझा अंदाज आहे.

एका बुटावर साहेब सेक्रेटरींच्या घरी पोचले, तो ढीग बघायला. दारापुढे ढीग आणि ढिगाच्या अलीकडे घोटाभर चिखल. चिखलात विटा मांडून काकू दारापर्यंत ये-जा करत होत्या.

"हा मुरूम घर बांधायला आणलाय का?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी कमरेवर हात ठेवले. "कुणाचं घर? हे राणीसावरगावच्या ग्राऊंडचं हाय. तिकडं जायचा रस्ता फुटलाय म्हून सहा महिने झालं माझ्या दारात पडलंय. म्या एक घमेलं मागितलं दारापुढं टाकायला. सासूबाई घसरून पडल्या होत्या. तर हे मला काय म्हणले असतील?"

"काय?"

"म्हणले, तुझा कोणता खेळाडू गेला?"

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला वाटतं खोडलंही.

दुकानात सेक्रेटरींनी उठून, पोती चाळून, सुतळीत ओवलेली पावत्यांची माळ साहेबांच्या हातात दिली. हार घालावा एवढी लांब. "खुलासा लेखी देत न्हाई साहेब. माझं अक्षर बेकार हाय. बोरीला चला."

बोरीत आम्ही पोचलो तेव्हा तिथेही तोच तीन दिवसांचा पाऊस पडून गेला होता. पण मैदान असं, की पाटावर जेवायला बसावं. मधे उंचवटा, दोन्हीकडे उतार, कडेने चर, पाणी सरळ ओढ्याला. मुलं खेळत होती, आणि 'आमचा टाइम झाला' म्हणून मुलींचा संघ कडेला त्यांच्यावर खेकसत होता. सोपानला आम्ही नेलं होतं, पण त्याच्या जागी दोन नवे गोलकीपर तयार झाले होते आणि खड्डा एकही नव्हता. साहेबांनी उरलेला बूट काढला. मोजे काढले. पँट गुडघ्यापर्यंत वर केली आणि आत शिरले. पस्तीस मिनिटं खेळले. दोन गोल मारले, दुसऱ्यांदा घुंगरमाळ वाजली तेव्हा पोरासारखे हसले. सेक्रेटरी रेषेबाहेर उभे राहून त्यांना 'डावीकडं, डावीकडं' सांगत होते.

आता सेक्रेटरी सुटले, असं तुम्हाला वाटलं असेल. मलाही वाटलं. पण साहेब बाहेर आले, घाम पुसला आणि खाली बघून बोलले.

"मी काय पाहिलं ते मला माहीत आहे. पण नियमात मुरूम नाही. बदलीसाठी काहीही घेणं गुन्हा आहे. मी जास्तीत जास्त एवढं करू शकतो: पंधरा दिवसांत तक्रारदार क्लबचा मुरूम तक्रारदार क्लबला परत मिळाला पाहिजे. तशी पोच माझ्याकडे आली तर प्रकरण बंद. नाही आली तर आजीव बंदी."

अध्यक्षांना आनंदाचं भरतं आलं. "जेसीबी पाठवा," म्हणाले, "उकरून आणा. पहिलं बोरी." आणि जेसीबीवर ड्रायव्हरच्या शेजारी मानद मॅनेजर. आयुष्यात माझी मिरवणूक निघाली ती अशी.

बोरीच्या मैदानावर अख्खं गाव उभं होतं. सेक्रेटरी एसटीने आधीच येऊन रेषेबाहेर ताडपत्री घेऊन उभे. मी खाली उतरलो. कुणी शिवी दिली नाही. त्यापेक्षा शिवी बरी.

"सर," सेक्रेटरी म्हणाले, "मशीन बंद करा. ग्राऊंड उकरायचं न्हाई."

"मग तुमच्यावर बंदी येईल. मरेपर्यंत."

"यिऊ द्या. मी तसाबी भायेरच उबा हाय. भायेरून बी दिसतंय." त्यांनी खिशातून कागद काढला. त्यावर चौकशी अधिकाऱ्यांना उद्देशून, वाकड्यातिकड्या अक्षरात, 'मुरूम परत करणार नाही, बंदी मान्य' असं लिहून सही केलेली होती. "हे पाठवा. उगं पंधरा दिवस कशाला थांबायचं?"

वीस-बावीस वर्षं ज्या माणसाने मैदानाशिवाय दुसरं काही पाहिलं नाही, तो मैदान वाचावं म्हणून मैदान सोडायला निघाला होता, आणि त्याचं अक्षर खरंच बेकार होतं. मी कागद हातात घेतला आणि माझ्या सुंदर अक्षराची मला शिसारी आली.

तेवढ्यात गर्दीतून सोपानची आई पुढे आली. डोक्यावर पदर, हातात खुरपं, शेतातून तशीच आलेली. तिने आधी सेक्रेटरींच्या हातचा, म्हणजे आता माझ्या हातातला, कागद काढून घेतला, घडी केली आणि कमरेला खोचला.

"शेक्रेटरी, तुमी गप बसा. सर, तुमाला मुरूम पायजे ना?"

"हो."

"ह्योच पायजे का?"

"म्हणजे?"

"ह्योच खडा पायजे, का मुरूम पायजे? तिकडं माळ पडलाय अख्खा. गावात ट्रॅक्टर हायेत. किती दिलाव तुमी सगळ्या गावांला मिळून?"

"अकरा ट्रॉल्या."

"बरं," ती म्हणाली. "मशीन घिऊन घरी जा. अन ह्या डायवरला पाणी पाजा कुणीतरी, त्याचं तोंड उतरलंय."

चौदाव्या दिवशी सकाळी जिंतूर रोडवरून जो आवाज आला तो मी विसरणार नाही. पुढे हलगी, मागे ट्रॅक्टर. बोरीचे, त्यांच्या मागे फुटक्या रस्त्याला वळसा घालून आदल्या दिवशीच परभणीत मुक्कामाला आलेले आणि सकाळी फाट्यावर त्यांना मिळालेले राणीसावरगावचे. ट्रॅक्टरांच्या मडगार्डवर पोरं, ट्रॉल्यांतल्या मुरमावर पोरी, प्रत्येक ट्रॅक्टरच्या आरशाला सुतळीने बांधलेली रॉयल्टीची पावती. रेल्वेचं फाटक बंद होतं तर गाडीच्या ड्रायव्हरने इंजिनातून हात केला. बाजारातल्या लोकांनी दुकानं तशीच टाकली आणि मागे निघाले. अध्यक्ष म्हणतात दोनशे माणूस होतं. अध्यक्षांना मोजता आलं असतं तर ते कंत्राटदार झाले नसते. मी म्हणतो, परभणीत त्या दिवशी घरात फक्त बाळंतिणी होत्या.

आमच्या दलदलीत मुरूम पडायला लागला. पसरला, पाणी मारलं, पण दाबायला रोलर नव्हता. अध्यक्षांचा होता, तो 'नादुरुस्त' होता. मग जिल्ह्यातले झाडून सगळे खेळाडू, आमचे, त्यांचे, मुलं, मुली, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून एका रांगेत उभे राहिले आणि हलगीच्या ठेक्यावर पाय आपटत या गोलापासून त्या गोलापर्यंत निघाले. गेले, वळले, परत आले. दुपारपर्यंत. तिसऱ्या फेरीला माझे विद्यार्थी शिरले, पाचव्या फेरीला भाजीवाल्या शिरल्या, सातव्या फेरीला मी. पायांखालची जमीन हळूहळू घट्ट होत गेलेली मला तळव्यांना कळत होती. सेक्रेटरी मैदानाच्या कडेने बांधलेल्या दोराबाहेरून सांगत होते, "सर, टाच दाबा, टाच. चवड्यानं काय हुतंय?"

मग मी पोच लिहायला बसलो. 'अकरा ट्रॉल्या मुरूम परत मिळाला.' सोपानच्या आईने वाकून पाहिलं. तिला वाचता येत होतं.

"अकरा न्हाई. सतरा हायेत. मोजा."

मोजल्या. सतरा.

"सहा जास्तीच्या आल्यात," मी म्हणालो. "कशाला?"

"शेक्रेटरीला इचारा. भाव त्येंचाच हाय."

सेक्रेटरींनी दोराबाहेरून अंग झटकलं. मला शपथेवर सांगता येईल, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं. पण दस्तूर तो दस्तूर. "सहा ट्रॉल्या म्हंजे गोलकीपर," ते म्हणाले. "मुरूम घेतलाव सर. आता पोरगं द्या."

मी सोपानकडे पाहिलं. तो गुडघ्यापर्यंत मुरमाने लाल झालेला, आईच्या मागे उभा.

"तुझं काय म्हणणं आहे?"

"सर, दोन महिने तुमच्या गोलात पान्यात उबा हाय मी," सोपान म्हणाला. "चिखल्या झाल्यात पायाला. तुमी मानूस चांगले हाव."

अध्यक्ष काही बोलायच्या आत मी सही केली. पोचेवर एक आणि सोपानच्या बदलीवर एक. पोचेचा फोटो पुण्याला गेला आणि चहा संपायच्या आत साहेबांचा फोन आला. मी तो स्पीकरवर लावला. "प्रकरण बंद," साहेब म्हणाले. "आणि मुरमाचा नियम लिहून पाठवायला सांगा त्यांना. पुस्तकात घालायचा प्रयत्न करतो. कुणाकडून तरी चांगल्या अक्षरात लिहून घ्या." मागाहून हळूच, "बूट सापडला का?"

हलगी पुन्हा सुरू झाली. आता सामना होणारच होता, आमचा आणि बोरीचा, त्याच ग्राऊंडवर, त्याच दुपारी. तो आम्ही तीन-शून्य हरलो हे आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सोपानने आमचे सगळे फटके आंबे झेलावेत तसे झेलले.

पण त्याआधी संघ आत उतरले आणि सगळं मैदान एका माणसासाठी थांबलं. सेक्रेटरी दोराबाहेर उभे होते. दोर त्यांच्याच दुकानातला, ताणून बांधलेला, छातीच्या उंचीवर. ओलांडायला तो उंच, आणि खालून जायचं तर गुडघा वाकायला हवा. त्यांनी ताडपत्री काढून घडी केली, काकूंच्या हातात दिली, कपाळाचं भस्म नीट केलं आणि दोराकडे बघत राहिले. दहाजण धावले. मी जवळ होतो.

मी दोन्ही हातांनी दोर डोक्याच्या वर उचलून धरला. ते न वाकता आत गेले. चार पावलं टाकून जमीन टाचेने दाबून पाहिली, आणि मी अजून दोर धरूनच उभा आहे हे बघून मागे वळले.

"सर, तुमी कामून भायेर थांबलाव?" म्हणाले. "या की आत."